कोणतं टॅपेट चांगलं? आधी प्रश्न नीट मांडू

देऊळघाटपासून बुलढाण्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात उभे राहा, "टॅपेट वाजतायत" हे वाक्य कानावर पडतंच. आणि इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट किंवा पीएचडीचा विषय शोधणारी मुलं हमखास विचारतात, "इंजिनाची ताकद वाढवायची तर सर्वांत चांगलं टॅपेट कोणतं?" उत्तर देऊच, पण आधी हा प्रश्न दुरुस्त करावा लागेल. चुकीचं टॅपेट बसलं तर कॅम झिजतो, त्याचा कीस ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत जातो आणि सगळं इंजिन खोलावं लागतं. चुकीचा प्रश्न घेतला तर संशोधनाची वर्षं जातात.

टॅपेटचं काम साधं आहे. कॅम फिरतो, टॅपेट वर-खाली होतं, ती हालचाल पुशरॉड आणि रॉकरमार्फत व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते. व्हॉल्व्ह बंद करायचं काम मात्र स्प्रिंगचं.

ओळखीचं उदाहरण घ्या, बुलेट. जुन्या ३४६ सीसी इंजिनात साधी घन टॅपेट होती. इंजिन थंड असताना मेकॅनिक पुशरॉड बोटांनी फिरवून बघायचा: सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. २००८ पासून आलेल्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आली. त्यांच्या पोटात ऑइल असतं, तेच फट भरून काढतं. आवाज कमी, सेटिंगची कटकट नाही. २०२० च्या मीटिऑर ३५० मध्ये कॅमच हेडमध्ये गेला आणि पुशरॉडची गरजच संपली.

मग यातलं "चांगलं" कोणतं? ते कशासाठी हवं, यावर अवलंबून आहे. यूसीईचं ३५० सीसी इंजिन कमाल ताकद ५२५० आरपीएमला देतं. कॅम निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ४४ वेळा उघडतो. या वेगाला हायड्रॉलिक टॅपेट आरामात पुरतं. आता समजा तुम्हाला ६५०० आरपीएम हवेत. वेग वाढला २४ टक्के, पण कॅमचा आकार तोच ठेवला तर जडत्वाचं बल वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे सुमारे ५३ टक्के. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडतो. त्या क्षणी हायड्रॉलिक टॅपेट मोकळी झालेली जागा ऑइलने भरून घेतं आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. म्हणून जास्त आरपीएमच्या पुशरॉड इंजिनात बहुतेक वेळा घन टॅपेट निवडतात. फट अधूनमधून तपासावी लागते, ही त्याची किंमत.

दुसरा निर्णय: तळ सपाट की रोलर? इथे भूमिती बोलते. सपाट टॅपेटवर कॅमचा स्पर्शबिंदू मध्यापासून जितका सरकतो, ते अंतर म्हणजेच कॅमच्या दर रेडियनमागे टॅपेटची उचल. तो बिंदू टॅपेटच्या कडेबाहेर जाऊन चालणार नाही. टॅपेटचा व्यास २२ मिमी असेल तर त्रिज्या ११ मिमी, म्हणजे कॅमच्या एका अंशाला जास्तीत जास्त ०.१९ मिमी उचल. व्हॉल्व्ह याहून झपाट्याने उघडायचा असेल तर रोलर घ्या. पण रोलर जड असतो, महाग असतो, त्याला स्वतःभोवती फिरू न देणारी व्यवस्था लागते आणि कॅमही त्याच्यासाठी बनवलेला लागतो.

सपाट टॅपेटला कमी लेखू नका. ते हलकं आणि स्वस्त आहे. फक्त नव्या कॅमवर जुनी टॅपेट बसवू नका, झिंक-फॉस्फरस पुरेसं असलेलं ऑइल वापरा आणि पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिन तसंच आयडलवर सोडून देऊ नका. कॅम बनवणारे साधारण २००० आरपीएमच्या आसपास वीस-तीस मिनिटं चालवायला सांगतात, ते याचसाठी.

म्हणजे क्रम असा: आधी आरपीएम, मग कॅम, मग स्प्रिंग, आणि या तिघांना जुळेल ते टॅपेट. सामान भरून राजूर घाट चढणाऱ्या गाडीला कमी आरपीएमची ओढ हवी. तिला रेसचं टॅपेट बसवून खर्च वाढेल, ओढ नाही.

आता संशोधनाचं बघा. कॅम, स्प्रिंग आणि टॅपेट एकदम बदलून "रोलर टॅपेटमुळे ताकद वाढली" असं लिहिलंत, तर तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न येईल: कशावरून टॅपेटमुळे? सपाट आणि रोलरला कॅम वेगळे लागतात, त्यामुळे फक्त टॅपेट बदलून तुलना होतच नाही. मग एक तर दोन्हींसाठी व्हॉल्व्हची उचल सारखी ठेवणारे कॅम घ्या आणि घर्षण मोजा, नाही तर स्पष्ट लिहा की तुलना दोन पूर्ण जोड्यांची आहे, एका सुट्या भागाची नाही.

सिनॉप्सिस लिहायच्या आधी तीन ओळी कागदावर उतरवा: मी काय बदलणार, काय तसंच ठेवणार, आणि काय तसंच ठेवणं शक्यच नाही. तिसरी ओळ लिहायला सर्वांत जास्त वेळ लागेल. तो द्या. तुमचा खरा विषय बहुधा तिथेच सापडेल.