तेल वापस कुठून जाईल?

सक्करदऱ्यात बुधवारचा बाजार भरतो त्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन यायचं नसतं. मी नेमका बुधवारीच आलो. उमरेड रोडकडून गॅरेजपर्यंत पोचताना भाजीवाल्यांचे दोन-चार शब्द ऐकले, तेही रास्तच होते.

ट्रॅक्टर २४ अश्वशक्तीचा, छोटा. ट्रॉली उचलायला मागे एकच पाईप. कापसाच्या तुकड्यासाठी हायड्रॉलिक पलटी नांगर घेतला आणि अडचण सुरू झाली. नांगर उचलते लिफ्ट, पण तासाच्या शेवटी तो उलटवतो त्याचा स्वतःचा जॅक. त्या जॅकला दोन पाईप लागतात, एकातून तेल जातं तेव्हा दुसऱ्यातून येतं. गावाकडच्या एका फिटरनं जास्तीचा लिव्हर बसवून दिला होता. दोन दिवस झकास चालला, तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्हचं सील फुटून माझी पँट तेलानं भिजली.

मेकॅनिकनं व्हॉल्व्ह पाहिला आणि म्हणाला, "लिव्हर बसवाले काय लागते भाऊ? तेल वापस कुठून जाईल, ते पहिले सांगा."

सगळी गोम तिथंच होती. इंजिन चालू असेपर्यंत पंप तेल ढकलतच असतो. काम नसताना ते लिफ्टच्या व्हॉल्व्हमधून बिनदाबाचं फिरून गिअरबॉक्सच्या हाउसिंगमध्ये परत पडतं. नवा व्हॉल्व्ह पंप आणि लिफ्टच्या मध्ये बसतो. पहिल्या फिटरनं त्याची परतीची वाटच लिफ्टकडे वळवली होती. लिफ्टनं नांगर उचलला की सगळा दाब त्या वाटेत तुंबायचा, आणि ती वाट तेवढ्या दाबासाठी बनलेलीच नसते. दांडाचं तोंड बुजवलं तर पाणी बांध फोडणारच.

उपाय निघाला अंगठ्याएवढ्या एका स्लीव्हचा. गॅरेजात त्याला 'पॉवर बियाँड' म्हणतात. तो बसला की लिफ्टकडे जाणारं तेल वेगळं आणि टाकीत परतणारं वेगळं. म्हणून तिसरा होज पाईप थेट हाउसिंगला जोडावा लागला. खरं काम फार वेळाचं नव्हतं. पाना लावण्याआधी जोडणीची जागा डिझेलनं धुण्यात आणि होजची तोंडं चिंध्यांनी बांधण्यातच अर्धी सकाळ गेली. मला ते अति वाटत होतं. पण मातीचा कण पंपात गेला तर खर्च कुणाचा, हे त्यानं विचारल्यावर मी गप्प बसलो.

दुसरा पंप लावू का, असं मी विचारलं होतं. गरज नाही. पलटीचा लिव्हर ओढला की तेल आधी तिकडे जातं, तेवढा वेळ लिफ्ट थांबते. नांगर वर उचलल्यावरच उलटवायचा असल्यानं काही अडत नाही. दाब वाढवायची हौसही फुकटची: ६३ मिलिमीटर व्यासाचा जॅक १५० बार दाबावर जवळपास पावणेपाच टनांनी रेटतो. छोटा नांगर उलटवायला हे पुष्कळ झालं. रिलीफ व्हॉल्व्हला हात लावू नका.

आणि कुठं झिरपतंय हे पाहायला होजवरून बोट फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. या दाबाची बारीक चिळकांडी कातडीत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते. तसं झालंच तर दुखायची वाट न पाहता लगेच मोठ्या दवाखान्यात जा, आणि आत तेल गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगा.