पेद्रो नावाहाचा मूळपुरुष

साल्सा संगीतातलं सर्वांत गाजलेलं कथागीत म्हणजे रुबेन ब्लेड्सचं ‘पेद्रो नावाहा’. ते १९७८ साली आलं. त्याच वर्षी पुण्यात पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आलं. न्यूयॉर्कच्या आणि पुण्याच्या या दोन्ही कलाकृतींचा मूळपुरुष एकच, लंडनचा एक खराखुरा चोर.

गाण्यातली गोष्ट

ब्लेड्स मूळचा पनामाचा. विली कोलोनबरोबर काढलेल्या ‘सिएम्ब्रा’ या तबकडीत हे सात मिनिटांहून मोठं गाणं आहे. टोपी, काळा चष्मा आणि चकाकणारा सोन्याचा दात अशा थाटाचा एक गुंड रस्त्यावरच्या वेश्येवर सुरा चालवतो. तीही पिस्तूल झाडते. दोघं तिथंच संपतात आणि गल्लीतलं कुणी बाहेर डोकावतसुद्धा नाही. एक दारुडा तेवढा प्रेतांना अडखळतो, सुरा, पिस्तूल आणि पैसे खिशात घालतो आणि गात गात चालू लागतो.

खरा चोर, खरा दलाल

लंडनचा जॅक शेपर्ड १७२४ या एका वर्षात चार वेळा कैदेतून निसटला. तो लोकांचा लाडका झाला. १६ नोव्हेंबरला, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो फासावर गेला.

त्याला पकडून देण्यात जोनाथन वाइल्डचा हात होता. वाइल्ड वरकरणी चोर पकडणारा प्रतिष्ठित गृहस्थ होता, पण आतून टोळ्यांचा धनी. चोरीचा माल तो बक्षिसी घेऊन मूळ मालकाला परत करी आणि डोईजड झालेल्या चोराला सरकारच्या हवाली करी. मे १७२५ मध्ये त्यालाही फाशी झाली.

जॉन गेने १७२८ साली ‘बेगर्स ऑपेरा’ लिहिला. त्यातल्या मॅकहीथमध्ये शेपर्डची छाया आहे, तर पीचममध्ये वाइल्डची.

बर्लिनचा फेरा

बरोबर दोनशे वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९२८ रोजी, बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी त्याच कथेवर ‘थ्री पेनी ऑपेरा’ रंगवला. मॅकहीथची ओळख करून देणारं गाणं प्रयोग तोंडावर आलेला असताना घाईघाईनं रचलं गेलं. जत्रेतले गायक खुनाच्या हकिगती गात, तसा त्याचा घाट. लुई आर्मस्ट्राँग आणि बॉबी डॅरिन यांनी पन्नाशीच्या दशकात ते ‘मॅक द नाइफ’ या नावानं इंग्रजीतून घरोघरी पोचवलं. ब्लेड्सने त्याचा साचा घेतला आणि शेवट फिरवला. मॅकहीथला राणीची माफी मिळते, पेद्रोला गोळी.

पुण्यातला अंकुश

पुलंनी मॅकहीथचा ‘अंकुश’ केला आणि कथा तमाशाच्या बाजात बसवली. थिएटर अकादमीची निर्मिती, दिग्दर्शक जब्बार पटेल. अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे होते, ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या इंग्रजी संगीतिकेत जूडास गाऊन आलेले. त्यामुळे लावणी, नाट्यगीत आणि पाश्चात्त्य पॉप एकाच मंचावर नांदले.

पारनेरला ओळखीचा सवाल

या सगळ्या अवतारांत एक सवाल कायम आहे : चोर नेमका कोण, सुरा चालवणारा की हिशेब ठेवणारा? पारनेर तालुक्याला तो नवा नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे इथं शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला. हे सुपे पारनेर तालुक्यातलं नव्हे, भीमथडी तालुक्यातलं. लोण पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे पसरलं. लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या खतांवर आणि वह्यांवर होता. ते कागद हिसकावून जाळले गेले. सरकारदप्तरी हे ‘दंगे’ ठरले, पण त्याच सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी पाशातून दिलासा देणारा कायदा करावा लागला.

ऐकायचं कसं

आधी आर्मस्ट्राँगचं ‘मॅक द नाइफ’ ऐका, मग ‘पेद्रो नावाहा’, आणि शेवटी पुलंचं नाटक वाचा. स्पॅनिश येत नसेल तरी अडत नाही. या क्रमानं गेलात तर शेपर्डची गोष्ट तीन शहरांत कशी बदलली, ते आपोआप कळेल.