श्रावण पाळणाऱ्यांसाठी

गटारीचे फोटो आणि नाकाबंदीच्या बातम्या वाचून झाल्याच असतील. त्यात कुणीतरी ‘दारू रक्तातच असते’ असा मेसेजही पुढे ढकलला असणार. तो निम्मा खरा आहे, अगदी मोजून निम्मा. जुळ्या आणि दत्तक मुलांवरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला, तर व्यसन कुणाला लागतं नि कुणाला नाही यातला सुमारे ५० टक्के फरक आनुवंशिकतेचा निघतो. पण हा हिशेब दारू लागण्याचा झाला. ती सुटण्याच्या कामी जनुकांनी अजून तरी फारसा हात दिलेला नाही. नाल्ट्रेक्सोन हे ओढ कमी करणारं औषध एका विशिष्ट जनुकीय बदलाच्या रुग्णांना जास्त लागू पडतं, असं २००३ मध्ये वाटलं होतं. २०१५ मध्ये रुग्णांची जनुकं आधी तपासून मुद्दाम चाचणी घेतली, तेव्हा तो फरक दिसलाच नाही.

मला हार्वर्डचे जॉर्ज व्हॅलंट जास्त पटतात. त्यांनी शेकडो पुरुषांचा कित्येक दशकं माग ठेवला. दारू कायमची सोडलेल्यांच्या आयुष्यात त्यांना चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या : कुणाचा तरी पहारा, दारूच्या जागी दुसरा नाद, नवं जिव्हाळ्याचं नातं आणि श्रद्धेने बांधलेला गट. म्हणजे आपली तुळशीची माळच की! आमच्या आळीतले एक मामा पंढरपूरहून माळ घालून आले. संध्याकाळी सात ही त्यांची गुत्त्याची वेळ; त्याच वेळी देवळात हरिपाठ. सुरुवातीला हात इतके थरथरायचे की ठेक्याआधीच टाळ किणकिणायचे. पण कुणी हसत नसे. एकदा पाय घसरायला निघाले, तर गुत्तेवालाच म्हणाला, “मामा, गळ्यात माळ हाय न्हवं?”

श्रद्धा नसेल त्याचं काय? गोव्यात ‘संगथ’ संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या अतिमद्यपी पुरुषांशी, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांकरवी मोजक्या भेटींत संवाद साधला. तीन महिन्यांनी त्यांतले ३६ टक्के धोक्याबाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. दहा टक्क्यांचा फरक, तोही डॉक्टर नसलेल्यांनी पाडलेला! आणि २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्याकडे दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतात. जनुकं तपासायची घाई कुणाला झाली आहे?

एक मात्र सांगायलाच हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेततं. श्रावण पाळायचा म्हणून तुमच्या घरात कुणी थांबलं असेल आणि त्याचे हात कापत असतील, तर त्याला आजच डॉक्टरकडे न्या.