सरबतातला बर्फ आणि ८ अंशांचं गणित

मे महिन्यात पुण्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी सहज ३० अंशांचं असतं. अशा २०० ग्रॅम पाण्यात ० अंशाचा ५० ग्रॅम बर्फ टाकला, तर तो वितळल्यावर तापमान किती होईल?

बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानात याचं सूत्र आहे: उष्ण वस्तूने गमावलेली उष्णता = थंड वस्तूने घेतलेली उष्णता.

१ ग्रॅम पाणी १ अंशाने निवताना १ कॅलरी देतं. म्हणजे ३० वरून शून्यावर येताना आपलं पाणी ६००० कॅलरी देऊ शकतं. १ ग्रॅम बर्फ नुसता वितळायलाच ८० कॅलरी घेतो. ५० ग्रॅमला लागल्या ४०००. उरलेल्या २००० कॅलरी २५० ग्रॅम पाण्यात वाटा. उत्तर ८ अंश!

आता बर्फाऐवजी ० अंशाचंच ५० ग्रॅम पाणी ओता. उत्तर येतं २४. तापमान तेच, वजन तेच, तरी १६ अंशांचा फरक! शालेय भौतिकशास्त्रात मला याहून सुंदर काही वाटत नाही. हीच अप्रकट उष्म्याची, म्हणजे नुसतं वितळण्यासाठी लागणाऱ्या उष्णतेची करामत, जी स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात मोजली.

फ्रीझरमधला बर्फ उणे १० चा असेल, तर तो आधी शून्यावर यायलाही उष्णता घेतो, म्हणून उत्तर ७. प्रत्यक्षात ग्लास आणि हवाही उष्णता देतात, त्यामुळे आकडा थोडा वर जातो.

दहावीची मुलं घरात असतील, तर वजनकाटा आणि प्रयोगशाळेतला तापमापक घेऊन (तापाचा नको) हे जरूर करून बघा. तुमचा आकडा कमेंटमध्ये लिहा.