साईतून साजूक

घरात रोज लिटरभर फुल क्रीम दूध येत असेल, तर उत्तम तुपासाठी वेगळे पैसे काढावे लागत नाहीत. या दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे लिटरमागे साधारण ६० ग्रॅम. तो सगळाच साईत येत नाही, पण येतो तेवढा पुरतो. होमोजिनाइज्ड दुधाला साय पातळ धरते, कारण त्यातले स्निग्ध कण आधीच फोडून बारीक केलेले असतात. गवळ्याकडचं म्हशीचं दूध मिळत असेल तर प्रश्नच मिटला.

तापवलेलं दूध निववून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी पातेलं न हलवता साय उचलायची. साठवणीच्या डब्यात तळाशी चमचाभर ताजं दही हवंच. हल्ली बरेच जण नुसती साय कढवतात. तूप निघतं, पण त्याला लोणकढ्या तुपाचा वास नसतो. तो येतो विरजणामुळे: जिवाणू साय आंबवतात आणि आंबवताना डायअसिटिल नावाचं सुगंधी द्रव्य तयार करतात. महागड्या दुकानांत ‘कल्चर्ड बटर’ म्हणून जी इवलीशी वडी मिळते, तीही आंबवलेल्या साईचीच.

आठवड्याने डबा भरला की आदल्या रात्री बाहेर काढून ठेवायचा. सकाळी रवी लावा नाहीतर मिक्सर, लक्ष मात्र आवाजाकडे हवं. सुरुवातीला साय घट्ट होत जाते, रवी जड फिरते. मग कडेला रवा दिसू लागतो आणि एकाएकी पातळ डुबडुब आवाज येतो. लोणी सुटलं. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घातल्याशिवाय गोळा धरत नाही, थंडीत उलट कोमट पाणी लागतं. गोळा दोन-तीन पाण्यांतून, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचा. ताक आत राहिलं तर बेरी वाढते आणि तूप कमी निघतं. खाली उरलेलं ताक कढीला ठेवावं.

कढवायला जाड बुडाचं पातेलं आणि मंद आच. हे काम दुसऱ्या कामाबरोबर करू नये, असं माझं ठाम मत आहे. लोणी वितळलं की पांढरा फेस येतो आणि कडकड सुरू होते. हे आतलं पाणी उडत असतं. ते आहे तोवर तापमान फारसं चढत नाही, त्यामुळे इथपर्यंत निर्धास्त राहावं. खरी कसोटी आवाज मंदावल्यावर. फेस विरतो, खालचं सोनेरी तूप आरपार दिसतं, तळाची बेरी पांढरट, मग बदामी होते. त्याच सुमाराला बारीक बुडबुड्यांचा दुसरा फेस वर चढतो. बेरी बदामी दिसताच गॅस बंद. पातेल्यातली धग पुढचं काम करते. आणखी मिनिटभर थांबलं तर करपट वास लागतो आणि तो जात नाही. आच बंद करताना कोरडं पुसलेलं विड्याचं पान टाकतात. ते चुरचुरतं, कुरकुरीत होतं आणि घरातलं कुणीतरी ते लगेच पळवतं.

जरा निवल्यावर कोरड्या बरणीत गाळून ओट्यावरच राहू द्यायचं. सावकाश निवलेलं तूप रवाळ होतं. घाईने फ्रिजमध्ये ठेवलं तर गुळगुळीत दगड.

बेरीत थोडी पिठीसाखर घालून पोळीला लावावी किंवा कणकेच्या लाडवात मिसळावी. दोन दिवसांत संपवावी. ज्या पातेल्यात तूप कढवलं, त्यातच गरम आंबेमोहर भात, मेतकूट आणि मीठ घालून हाताने कालवा. बुडाशी चिकटलेली बेरी भाताला लागते, आणि तो घास मी कुठल्याही हॉटेलातल्या ताटाशी बदलणार नाही. मुलं जेवायची असतील तर भात थोडा जास्तच लावा.