हा लाँग उपसागर : जलमग्न चुनखडक-प्रदेशाचे निसर्गसौंदर्य

व्हिएतनामच्या ईशान्य किनाऱ्यावर, टोंकिनच्या आखातात हा लाँग उपसागर वसलेला आहे. 'हा लाँग' म्हणजे 'खाली उतरणारा ड्रॅगन'. सुमारे १,५५३ चौ. कि.मी. क्षेत्रात येथे १,९६९ बेटे मोजली गेली असून त्यांतील बहुसंख्य चुनखडकाची व निर्मनुष्य आहेत. युनेस्कोने १९९४ मध्ये सौंदर्यासाठी आणि २००० मध्ये भूशास्त्रीय महत्त्वासाठी त्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये कॅट बा द्वीपसमूहाचाही त्यात समावेश झाला. पर्यटनविषयक लेखनात सौंदर्याचाच गौरव अधिक आढळतो. प्रस्तुत लेखात त्यामागील भूशास्त्रीय प्रक्रियेचा विचार केला आहे. कारण ती लक्षात घेतल्याखेरीज या सौंदर्याचे रक्षण कशाचे करावयाचे, हेच स्पष्ट होत नाही.

येथील बेटे समुद्रातून वर आलेली नाहीत. ती बुडालेल्या भूमीची शिखरे आहेत. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी बनते आणि चुनखडक विरघळवते. उष्ण, आर्द्र हवामानात ही क्रिया दीर्घकाळ चालून शंक्वाकृती टेकड्या व सुटे, उभ्या कड्यांचे मनोरे निर्माण झाले. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्रपातळी आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली होती व हा उपसागर कोरडी भूमी होता. पुढे हिम वितळून समुद्र आत शिरला आणि टेकड्यांची बेटे झाली. आज लाटा, क्षार व सागरी जीव या बेटांचा पायथा कोरीत असतात. भरती-ओहोटीच्या पातळीवर पडलेल्या खोल खाचांमुळे कित्येक बेटे अरुंद बुंध्यावर तोललेली भासतात.

गुहांचे महत्त्व याहून अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. बो हॉन बेटावरील सुंग सॉट या विस्तीर्ण गुहेचे द्वार समुद्रापासून बरेच उंचावर आहे. अशा उंचावरील गुहा प्राचीन काळच्या भूजलपातळीची साक्ष देतात, तर पायथ्याच्या खाचा समुद्रपातळीची. दाउ बे बेटाच्या पोटातील बा हाम हे सरोवर तीन जलाशयांचे असून ते बोगद्यांनी परस्परांशी व समुद्राशी जोडलेले आहेत. ओहोटीच्या वेळी लहान होडीतून आत जाता येते.

मात्र हा पुरावा नाजूक आहे. लवणस्तंभ थेंबाथेंबाने, हजारो वर्षांत वाढतात. तुटलेला स्तंभ मानवी आयुर्मानात पुन्हा घडत नाही. गुहांतील कृत्रिम दिव्यांमुळे भिंतींवर शेवाळ वाढते व गर्दीच्या श्वासोच्छ्वासाने हवेचे संतुलन ढळते. शेजारच्या कोळसा खाणी व वाढती नगरे यांचा गाळ आणि सांडपाणी या उथळ जलाशयात उतरते. २०१४ मध्ये तरंगत्या मच्छीमार गावांतील कुटुंबांचे किनाऱ्यावर पुनर्वसन करण्यात आले, परंतु पर्यटक-नौकांची वर्दळ कायम राहिली. कॅट बा बेटाखेरीज जगात अन्यत्र न आढळणारे कॅट बा लंगूर आज शंभरापेक्षाही कमी उरले आहेत आणि त्यांचा रात्रीचा निवारा याच चुनखडकाच्या कड्यांतील गुहांत असतो.