लिनक्सवर नवे आहात? आधी काम सांगा, मग प्रोग्रॅम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेले कितीतरी लॅपटॉप त्या अटींत बसत नाहीत. असे लॅपटॉप घेऊन ओळखीची माणसं माझ्याकडे येतात आणि मी त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून देते.

पहिल्या संध्याकाळी जवळपास प्रत्येक घरी तेच घडतं. शेजारच्या काकांकडेही घडलं. त्यांनी सवयीनं ब्राउझर उघडला, ओळखीच्या सॉफ्टवेअरची सेटअप फाईल उतरवून घेतली आणि तिच्यावर दोनदा क्लिक केलं. इन्स्टॉलर काही सुरू झाला नाही. झिप फाईल उघडावी तशी एक खिडकी उघडली आणि आत अनोळखी नावांची यादी दिसली. "अगं, हे बिघडलं वाटतं," काका म्हणाले.

बिघडलेलं काहीच नव्हतं. विंडोजवर वीस वर्षं मुरलेली सवय इथे कामाला येत नाही, एवढंच. त्या सवयीतून जे गैरसमज होतात, ते एकेक करून पाहू.

गैरसमज १ : कॉम्प्युटर तोच आहे, मग प्रोग्रॅमही तोच चालायला हवा.

वस्तुस्थिती : प्रोसेसर तोच असतो, हे खरं. पण कोणताही प्रोग्रॅम एकट्याच्या जिवावर काम करत नाही. खिडकी उघडायची, फाईल साठवायची, कागद छापायचा, तर दर वेळी तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करतो. ईएक्सई फाईल, म्हणजे विंडोजसाठी बनवलेला प्रोग्रॅम, ही मागणी विंडोजच्या पद्धतीनं करते. शिवाय त्या फाईलची आतली मांडणीही वेगळी असते. विंडोज 'पीई' ही मांडणी वापरतं, तर लिनक्स 'ईएलएफ'. म्हणून लिनक्सला ईएक्सई फाईल दिसते, पण तिचं काय करायचं ते त्याला आपणहून कळत नाही.

गैरसमज २ : वाइन म्हणजे लिनक्सच्या पोटात चालणारं विंडोज. ते कॉम्प्युटर हळू करणारच.

वस्तुस्थिती : वाइनमध्ये विंडोज नसतं. 'वाइन इज नॉट अ‍ॅन एम्युलेटर' हा त्याच्या नावाचाच विस्तार आहे. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प दुभाष्याचं काम करतो. प्रोग्रॅमनं विंडोजच्या पद्धतीनं केलेली मागणी तो ऐकतो आणि लिनक्सकडून ती पुरी करून घेतो. प्रोग्रॅमचे मूळ आदेश प्रोसेसरवर थेट चालतात. त्यामुळे जे प्रोग्रॅम वाइनला जमतात, ते बहुधा चांगल्या वेगानं चालतात. यासाठी विंडोजचा परवाना लागत नाही. त्या प्रोग्रॅमचा स्वतःचा परवाना मात्र लागतोच.

विंडोजचा मूळ कोड हाताशी नसताना त्याचं वागणं बाहेरून तपासून हे सगळं लिहावं लागलं. वाइनची १.० ही आवृत्ती यायला २००८ साल उजाडलं, म्हणजे तब्बल पंधरा वर्षं गेली. त्याच पायावर व्हॉल्व्ह कंपनीनं २०१८ मध्ये विंडोजचे गेम चालवणारं 'प्रोटॉन' आणलं. २०२२ मध्ये आलेल्या त्यांच्या 'स्टीम डेक' या हातातल्या यंत्रावर लिनक्सच आहे आणि विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम त्यावर चालतात.

गैरसमज ३ : म्हणजे वाइन टाकलं की सगळं चालेल.

वस्तुस्थिती : नाही. ही अपेक्षा धरून आलेली माणसंच सर्वांत लवकर निराश होतात. जुने, छोटे, आपल्यापुरतं काम करणारे प्रोग्रॅम वाइनवर बरेचदा छान चालतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिस किंवा फोटोशॉपच्या अगदी नव्या आवृत्त्यांच्या भरवशावर मात्र राहू नये. ज्या प्रोग्रॅमला स्वतःचा विंडोज ड्रायव्हर लागतो, तिथे गाडी बहुतेक अडते. कुलूप म्हणून डोंगल लावावा लागणारं डीटीपी सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचं टोकन, बोटाचा ठसा घेणारं यंत्र, ही त्याची उदाहरणं. टोकन किंवा यंत्र बनवणाऱ्यानं लिनक्ससाठी वेगळा ड्रायव्हर दिला आहे का, ते आधी पाहावं. फसवणूक रोखणारी कडक यंत्रणा असलेले काही ऑनलाइन गेमही चालत नाहीत.

अंदाज बांधत बसायची गरज नाही. वाइन प्रकल्पाची 'अ‍ॅपडीबी' ही सूची आहे. कोणता प्रोग्रॅम कितपत चालतो, याला लोकांनी स्वतः वापरून 'प्लॅटिनम'पासून 'गार्बेज'पर्यंत दर्जे दिलेले असतात. आपली आवृत्ती कोणती आणि नोंद कधीची, हे दोन्ही बघून ठरवावं.

गैरसमज ४ : माझा ईएक्सई चालला नाही, तर माझं काम थांबेल.

वस्तुस्थिती : प्रोग्रॅम आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यांत जास्त त्रास वाचतो तो हे ओळखल्यानं. काकांना मी कागद-पेन घेऊन बसवलं. सॉफ्टवेअरची नावं लिहू नका, लॅपटॉपवर काय काय करता ते लिहा, असं सांगितलं. सहा ओळी झाल्या : सोसायटीच्या देखभाल-खर्चाचा हिशेब, वीजबिल आणि बँक, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, फोटो आणि नाट्यगीतं, सोसायटीच्या मराठी नोटिसा, आणि सोसायटीच्या वाचनालयातल्या पुस्तकांची सूची.

बिलं आणि व्हिडिओ कॉल ब्राउझरमध्येच होतात. फोटो आणि गाण्यांची सोय मिंटमध्ये आधीपासून असते. हिशेबाची एक्सेल फाईल लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडली, बेरजा जुळल्या. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एक्सेलमध्ये कुणी मोठे मॅक्रो लिहून ठेवले असतील, तर ते कॅल्कमध्ये जसेच्या तसे चालतील याची खात्री नसते. वर्डच्या गुंतागुंतीच्या फाईलमध्ये ओळी सरकू शकतात. बरेचदा त्याचं कारण फॉन्ट नसणं हे असतं. 'कॅलिब्री'च्या जागी 'कार्लिटो' टाकला की पुष्कळसं जागेवर येतं, कारण त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे.

वाइनची गरज लागली ती शेवटच्या ओळीला. पुस्तकांच्या सूचीचा प्रोग्रॅम सोसायटीतल्याच एका विद्यार्थ्यानं फार पूर्वी व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहून दिला होता. वाइनवर पहिल्यांदा सुरू केला, तर त्यानं एक डीएलएल फाईल नसल्याची तक्रार केली. 'वाइनट्रिक्स' हे मदतनीस साधन वापरून व्हिज्युअल बेसिक ६ चा पूरक भाग घातला आणि खिडकी उघडली. साडेतीनशे पुस्तकं, जशीच्या तशी. सहा कामांपैकी एकासाठी वाइन लागलं. सगळे जुने प्रोग्रॅम वाइनवर बसवायचा हट्ट धरला असता, तर संध्याकाळ तर गेलीच असती, पण काकांचा उत्साहही गेला असता.

गैरसमज ५ : सॉफ्टवेअर म्हणजे वेबसाइटवर शोधायचं आणि उतरवून घ्यायचं.

वस्तुस्थिती : लिनक्सवर ही पहिली पायरी नव्हे, जवळजवळ शेवटची आहे. प्रत्येक वितरणाचं, म्हणजे उबुंटू, मिंट, फेडोरा वगैरेंचं, स्वतःचं सॉफ्टवेअर-भांडार असतं. मोबाइलवरच्या प्ले स्टोअरमुळे ही कल्पना आपल्या अंगवळणी पडली आहे, पण लिनक्सवर ती त्याच्या कितीतरी आधी आली. डेबियननं 'एपीटी' हे साधन १९९९ च्या २.१ आवृत्तीत दिलं. आज डेबियनच्या भांडारात साठ हजारांहून अधिक पॅकेजं आहेत आणि उबुंटू-मिंटचा मूळ पाया तोच आहे.

याचे फायदे रोज जाणवतात. प्रोग्रॅमला लागणारे इतर भाग आपोआप सोबत येतात. पॅकेजांच्या यादीवर डिजिटल सही असते, त्यामुळे वाटेत कुणी फेरफार केला तर तो पकडला जातो. ब्राउझर, ऑफिस, गाण्यांचा प्लेअर, सगळ्यांची अपडेट एकाच ठिकाणाहून मिळतात. 'नवी आवृत्ती घ्या' म्हणत प्रत्येकाची वेगळी खिडकी कोपऱ्यातून वर येत नाही.

भांडार म्हणजे अभेद्य तिजोरी, असंही समजू नये. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइली आकसवण्याच्या साधनात मुद्दाम दडवलेला चोरदरवाजा सापडला. लॉगिनला नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ का लागतो, याचा छडा लावताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या तो लक्षात आला. तोवर तो काही वितरणांच्या चाचणी-आवृत्त्यांत शिरला होता, पण डेबियनच्या आणि उबुंटूच्या स्थिर आवृत्त्या त्यातून वाचल्या. नवशिक्यानं स्थिर आवृत्ती का वापरावी, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

गैरसमज ६ : टर्मिनल आल्याशिवाय काही इन्स्टॉल होत नाही.

वस्तुस्थिती : मिंटमध्ये 'सॉफ्टवेअर मॅनेजर' उघडा, नाव शोधा, इन्स्टॉलचं बटण दाबा, पासवर्ड द्या. झालं. मग मदत मागितली की लोक टर्मिनलमधली, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीतली, ओळ का देतात? कारण 'डावीकडचं तिसरं बटण दाबा' हे प्रत्येक वितरणात वेगळं असतं, पण 'सुडो एपीटी इन्स्टॉल व्हीएलसी' ही ओळ डेबियन, उबुंटू आणि मिंट या तिघांवर चालते. तिचा अर्थही सरळ आहे : प्रशासकाच्या अधिकारानं, एपीटी या साधनाला सांगा, की स्थापित कर, व्हीएलसी.

ही ओळ दिल्यावर पासवर्ड मागितला जातो. अनेक वितरणांत तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नसतो. पासवर्ड पूर्ण लिहा आणि एंटर दाबा.

ओळ मात्र वाचल्याशिवाय चिकटवू नका आणि उत्तरात काय येतं तेही वाचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध तंत्र-यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन यांनी पॉप ओएस या वितरणावर 'स्टीम' हे गेमचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला घेतलं. पॅकेजमधल्या चुकीमुळे एपीटी संपूर्ण डेस्कटॉपच काढायला निघालं होतं. तसा इशाराही पडद्यावर आला होता. त्यांनी होकाराचं वाक्य टाइप केलं आणि डेस्कटॉप गेला. पुढे एपीटीनं अशा वेळी पुढे जाणं आणखी अवघड करून ठेवलं. काय येणार यापेक्षा काय जाणार ती यादी आधी बघावी.

गैरसमज ७ : डेब, फ्लॅटपॅक, स्नॅप, अ‍ॅपइमेज... इतके प्रकार म्हणजे सगळा गोंधळ.

वस्तुस्थिती : क्रम लक्षात ठेवला की गोंधळ उरत नाही. आधी आपल्या वितरणाचं भांडार. तिथली आवृत्ती फार जुनी असेल, तर फ्लॅटपॅक किंवा उबुंटूवर स्नॅप. यांत प्रोग्रॅम आपलं बरंचसं सामान सोबत आणतो, म्हणून जागा जास्त लागते. अ‍ॅपइमेज ही एकच फाईल असते. ती इन्स्टॉल करावी लागत नाही, गुणधर्मांत जाऊन चालवायची परवानगी द्यायची आणि उघडायची. 'डेब' फाईल हवीच असेल, तर ती बनवणाऱ्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी.

गैरसमज ८ : लिनक्सला व्हायरस लागत नाही, मग कुठलाही ईएक्सई वाइनवर चालवायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. वाइन प्रामाणिकपणे काम करतं, मग समोरचा प्रोग्रॅम चांगला असो की वाईट. त्यात भर म्हणजे वाइन नेहमीच्या मांडणीत 'झेड' नावाची ड्राइव्ह देतं आणि त्यातून तुमचे लिनक्सचे फोल्डर दिसतात. खंडणी मागणारा एखादा विंडोज व्हायरस वाइनवर चालला, तर तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्याच्या हाती लागू शकतात. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर तर वाइनवर अजिबात नको. वाइन कधीही 'सुडो' लावून चालवू नका आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर ठेवा.

गैरसमज ९ : लिनक्सवर मराठी नीट चालत नाही.

वस्तुस्थिती : युनिकोड मराठी उत्तम चालते. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये निवडता येतो. उच्चारानुसार टाइप करायचं असेल, तर 'आयबस' या टायपिंगच्या साधनात 'एम१७एन'चे मराठी पर्याय आहेत. लोहित, नोटो, मुक्त हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात.

काकांच्या नोटिसा मात्र अगम्य दिसत होत्या. त्या युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये होत्या. अशा फॉन्टमध्ये फाईलच्या आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यांवर मराठीचा फक्त मुखवटा असतो. तो फॉन्ट नसलेल्या कोणत्याही कॉम्प्युटरवर, विंडोजवरसुद्धा, हेच दिसलं असतं. दोष लिनक्सचा नाही. आपल्याकडचा परवान्याचा फॉन्ट टाकून मजकूर वाचता येतो, पण कायमचा इलाज म्हणजे तो युनिकोडमध्ये बदलून घेणं. आम्ही तसंच केलं. आता त्याच नोटिसा काकांच्या मोबाइलवरही उघडतात आणि त्यांतला शब्द शोधला की सापडतो.

तरीही काही कामं विंडोजशिवाय होणार नाहीत. कुणाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, कुणाचं छपाईचं. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये परवाना असलेलं विंडोज ठेवता येतं, पण निदान ८ जीबी रॅम असेल तरच ते सुखानं चालतं. नाहीतर एकाच लॅपटॉपवर दोन्ही सिस्टिम ठेवाव्यात. यात कमीपणा काहीच नाही.

लिनक्स कायमचं टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून सुरू करून पाहा. त्यानं डिस्कवरच्या एकाही फाईलला धक्का लागत नाही. त्या अर्ध्या तासात वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासा आणि शेजारी कागद ठेवून आपल्या कामांची यादी लिहा. काकांचा तो सहा ओळींचा कागद अजून लॅपटॉपच्या पिशवीत आहे. परवा त्यांनी त्यात सातवी ओळ लिहिली, जुने फोटो स्कॅन करणे, आणि मला विचारलं, "यासाठी भांडारात काय आहे?"